परीक्षकाचें देणें

देणाऱ्याचा धर्म काय आणि घेणाऱ्याचा धर्म काय, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. परंतु कोणी आपण होऊन आपल्या श्रमाचें फळ घेऊन दाराशीं आला असतां, त्या दारांत उभा राहून 'हें घेऊं' किंवा 'हें नको' असा निर्णय देणारा जो तिसरा मनुष्य असतो, त्याचा धर्म काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो स्वतः कांहीं देत नाहीं आणि स्वतःसाठीं कांहीं घेतही नाहीं; तो केवळ पारखतो. मासिकाचा संपादक, बक्षिसें ठरविणाऱ्या मंडळाचा सभासद, चित्रप्रदर्शनासाठीं चित्रें निवडणारा, हे सर्व याच जातीचे. आलेली वस्तु बरी कीं वाईट हें ठरविलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें त्यांच्यापैकीं बहुतेकांस वाटतें. आमच्या मतें तें तेथें संपत नाहीं. हें दाखविण्यासाठीं आम्ही मुद्दाम असें एक क्षेत्र निवडतों कीं जेथें पाठविणारा व पारखणारा यांच्यामध्यें पैशाचा व्यवहार नाहीं, कराराचें बंधन नाहीं, आणि म्हणून ऋणाचा प्रश्न कसल्याही आडपडद्याशिवाय आपल्यापुढें उभा राहतो.

सोलापुरांत नवी पेठेंत खरेदी झाली कीं पुष्कळ गिऱ्हाइकें खिशांतला मोबाइल काढून त्यावरूनच दुकानदाराचे पैसे चुकते करतात. त्यांपैकीं बहुतेक मोबाइल अँड्रॉइड जातीचे असतात, आणि अँड्रॉइडच्या बुडाशीं 'लिनक्स' नांवाची प्रणाली आहे. १९९१ सालच्या ऑगस्टांत हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण हौसेखातर अशी एक प्रणाली तयार करीत असल्याचें जाहीर केलें, आणि पुढें तिचा कोड, म्हणजे संगणकास द्यावयाच्या आज्ञांचा मूळ लेख, सर्वांसाठीं खुला ठेविला. कोणींही तो वाचावा, त्यांत सुधारणा करावी आणि ती सुधारणा परत पाठवावी, अशी ही रीति. इंग्रजींत हिला 'ओपन सोर्स' म्हणतात, व तोच शब्द आतां आपल्याकडेही रुळला आहे. पाठविलेल्या सुधारणेस या व्यवहारांत 'पॅच', म्हणजे ठिगळ, असें नांव आहे. विणकरांच्या गांवांत तें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. हें ठिगळ मूळ वस्त्रास लावावयाचें कीं नाहीं, हें त्या प्रकल्पांतील जुनी व अनुभवी मंडळी तपासून ठरवितात. या तपासणीचें नांव 'कोड रिव्ह्यू'. येथें आम्ही तपासणाऱ्यास परीक्षक म्हणूं.

या परीक्षकावर पाठविणाऱ्याचें कांहीं देणें आहे काय? 'मुळींच नाहीं' असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं, आणि तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. ते म्हणतात, परीक्षक हा बहुधा आपली नोकरी सांभाळून, रात्रीं उरल्यासुरल्या वेळांत हें काम करतो. ज्या परवान्याखालीं तो आपला कोड लोकांस देतो, त्यांतच लिहिलेलें असतें कीं ही वस्तु जशी आहे तशी दिली आहे व तिची कसलीही हमी नाहीं. पाठविणाऱ्यास त्यानें बोलावणें धाडलें नव्हतें. ज्यानें आधींच सर्वस्व फुकट दिलें, त्याच्यापाशीं आणखी वेळ, आणखी लक्ष, आणखी सौजन्य मागणें म्हणजे दात्याच्याच मानेवर बसणें होय.

कायद्यापुरतें हें सर्व खरें आहे. परंतु उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याचें बंधनही कायद्यानें कोणावर नसतें. एखादा गृहस्थ केवळ परोपकारबुद्धीनें रांजण मांडतो, आणि शेजारीं पाटी लावतो कीं ज्यास शक्य असेल त्यानें यांत पाण्याची भर घालावी. ती पाटी वाचून कोणी वाटसरू डोक्यावर घागर घेऊन येतो. आतां या रांजणांतलें पाणी शेंकडों माणसें पिणार. तेव्हां घागरीतलें पाणी स्वच्छ आहे कीं नाहीं हें पाहण्याचा रांजणवाल्यास केवळ अधिकारच आहे असें नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे. तो 'हें पाणी नको' असें म्हणूं शकतो. पण त्या वाटसरूस डोक्यावर घागर घेऊन सोलापूरच्या उन्हांत तासच्या तास उभें ठेवण्याचा, आणि त्याच्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखें करण्याचा अधिकार त्यास कोठून आला? पाटी त्यानें लाविली होती, आणि रांजणावरचें झांकण उघडणें त्याच्या एकट्याच्या हातीं होतें. परीक्षकाचें ऋण या दोन गोष्टींतून उत्पन्न होतें. वेतन घेतल्यामुळें जसें ऋण उत्पन्न होतें, तसेंच किल्ली हातीं घेतल्यामुळेंही होतें. जो सार्वजनिक वस्तूचा किल्लीदार झाला, तो तेवढ्यापुरता विश्वस्त झाला.

मग हें ऋण कशाचें? स्वीकाराचें खचित नव्हे. आमच्या मतें तें तीन गोष्टींचें आहे: उत्तराचें, कारणाचें, आणि खऱ्या वाचनाचें.

पहिलें ऋण उत्तराचें. पारखणाऱ्याच्या एका निर्णयानें काय होऊं शकतें, याचें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. १८५५ सालीं २८ वर्षांच्या जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें व तें दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. पेशवाईंत दक्षिणा म्हणून वांटल्या जाणाऱ्या द्रव्याचा कांहीं भाग पुढें इंग्रजी अमलांत मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ देण्यांत येऊं लागला होता, आणि कोणता ग्रंथ उत्तेजनास पात्र हें ही कमिटी ठरवीत असे. अज्ञानी कुणबी जोडप्यास जोशी कसा नाडतो आणि विद्या हाच त्यांचा तिसरा डोळा कसा ठरतो, हें या नाटकाचें कथानक. कमिटीनें तें पसंत केलें नाहीं. तिच्यांतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, अशी हकीकत जोतीरावांनीं स्वतः 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथांत लिहून ठेविली आहे. तें नाटक छापून वाचकांपुढें आलें तें १९७९ सालीं. म्हणजे ज्यांच्यासाठीं तें लिहिलें होतें, त्यांस त्याचा निकाल स्वतः करण्याची संधि १२४ वर्षें मिळाली नाहीं. बंद खोलींत झालेल्या परीक्षेचा हा धोका आहे: परीक्षक चुकला तर त्याची चूक दुरुस्त करावयास दुसरा कोणी तेथें नसतो.

ओपन सोर्सच्या पुरस्कर्त्यांस येथें अभिमानानें असें म्हणतां येईल कीं आमच्याकडे असें घडूं शकत नाहीं. आमच्या येथें ठिगळ चारचौघांसमक्ष येतें, त्यावरची चर्चा उघड होते, आणि कोणास निर्णय मान्य नसेल तर त्यानें सबंध कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडावी. यास ते 'फोर्क' म्हणतात. २०१० सालीं 'ओपनऑफिस'च्या अनेक कार्यकर्त्यांनीं असेंच वेगळें होऊन 'लिबरऑफिस' उभें केलें, आणि तें आज भरभराटीस आलें आहे. ही मोकळीक मोठी आहे हें आम्ही मान्य करतों. पण वेगळी चूल मांडण्यास माणसें लागतात, वेळ लागतो, नांव लागतें. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या, आयुष्यांतलें पहिलेंच ठिगळ पाठविणाऱ्या मुलास ती मोकळीक म्हणजे राजवाडा बांधण्याचा अधिकार असल्यासारखी आहे. त्यास खरोखर उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे उत्तर. लिनक्सच्या मार्गदर्शिकेंत पाठविणाऱ्यास सांगितलें आहे कीं पुन्हां विचारणा करण्यापूर्वीं त्यानें निदान एक आठवडा धीर धरावा, आणि कामाची गर्दी असेल तर त्याहूनही अधिक. हा नियम रास्त आहे. मात्र धीराच्या मर्यादेपलीकडे उत्तराची मर्यादाही असली पाहिजे. नकाराशीं वाद घालतां येतो, त्यापासून शिकतां येतें, तो चुकीचा असल्यास दुसऱ्या कोणास दाखवितां येतो. मौनाशीं यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. मौनानें पाठविणारा एवढेंच शिकतो कीं आपलें येथें काम नाहीं. आणि तो निघून गेला ही गोष्ट कोणाच्या ध्यानींही येत नाहीं, म्हणून तिची नोंद कोठेंच होत नाहीं.

दुसरें ऋण कारणाचें, आणि तें कारण कामाविषयींचें असावें, माणसाविषयींचें नव्हे. चादर परत करणारा व्यापारी जाणता असेल तर चादर उलगडतो आणि तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवतो. विणकरास राग येवो न येवो, पुढच्या चादरींत काय सांभाळावयाचें तें त्यास कळतें. 'तुला विणतांच येत नाहीं' असें म्हणणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्यास कांहींच कळत नाहीं. मराठी वाङ्मयांत या दुसऱ्या तऱ्हेच्या परीक्षणाचें स्मरण ठेवण्याजोगें उदाहरण आहे. १८७४ सालीं सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं जोतीरावांच्या पुस्तकांवर लिहितांना त्यांच्या भाषेची व व्याकरणाची मनसोक्त टर उडविली. शास्त्रीबुवांची लेखणी समर्थ होती आणि वाचक हंसलेही असतील. परंतु शुद्धलेखनाच्या चुका मोजून झाल्यावरही, शूद्रातिशूद्रांस विद्येपासून दूर ठेवण्यांत अन्याय झाला कीं नाहीं, हा त्या पुस्तकांतला मूळ प्रश्न जेथल्या तेथें उभाच राहिला. परीक्षकानें भाषेचा दोष दाखवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. भाषेचा दोष दाखवून विचाराचें उत्तर दिल्याचें समाधान मानूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

हा मुद्दा सोलापूरसारख्या गांवास फार जवळचा आहे. येथें मराठी, तेलुगु, कानडी व उर्दू या चार भाषा एकाच रस्त्यावर ऐकूं येतात. पद्मशाली विणकराच्या घरांत मूल तेलुगु बोलतें, शाळेंत मराठी शिकतें, आणि संगणकाच्या जगांत पत्र लिहितें तें इंग्रजींत, म्हणजे तिसऱ्या भाषेंत. आतां असें समजा कीं, अशा एका मुलास एका देवनागरी टंकांत दोष आढळला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द मराठींत वेगळे आहेत. पहिला गुरुजनांविषयीं बोलतो, दुसरा स्वयंपाक्यांविषयीं. हा भेद दाखविणारा अर्ध्या 'र'चा खुणेवजा आकार मराठीस लागतो, हिंदीस लागत नाहीं. युनिकोडमध्यें 'ऱ' या अक्षरास स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. तरीही दूरदेशींच्या परीक्षकास हा भेद ठाऊक असणें कठीण, आणि मुलाचें इंग्रजी अडखळतें. 'अर्थबोध होत नाहीं' असा शेरा मारून परीक्षकानें प्रकरण मिटविलें, तर त्यांत कोणाची हानि झाली? मुलाची तर झालीच; पण तो टंक वापरून जो जो मराठी लिहील, त्याच्या लेखांत गुरुजन स्वयंपाकी होत राहतील. 'या दोन शब्दांत फरक काय, मला एक उदाहरण दे' अशी एक ओळ लिहिली असती तर एवढी हानि टळली असती. ज्या ज्ञानाची परीक्षकाकडे वाण आहे, तेंच ज्ञान घेऊन पुष्कळदां नवखा मनुष्य आलेला असतो. म्हणून प्रश्न विचारणें ही परीक्षकाची कृपा नव्हे. तो त्याच्या परीक्षेचाच भाग आहे.

कठोर शब्दांवांचून काम चोख होत नाहीं, अशीही एक समजूत आहे. टोरव्हाल्ड्स यांची पत्रें अनेक वर्षें त्यांतील तिखट भाषेसाठीं प्रसिद्ध होतीं, आणि लिनक्सचा दर्जा पाहून पुष्कळांनीं त्या भाषेसच त्याचें श्रेय दिलें. २०१८ च्या सप्टेंबरांत स्वतः टोरव्हाल्ड्स यांनीं आपल्या अशा वैयक्तिक हल्ल्यांबद्दल जाहीर क्षमा मागितली व कांहीं काळ काम बाजूस ठेविलें. त्याच सुमारास त्या प्रकल्पानें वर्तनाचे नवे नियम स्वीकारले. त्यानंतर लिनक्सचें काम थांबलें नाहीं. दर्जा टिकतो तो नकाराच्या नेमकेपणानें. अपमानाची त्यांत भर घातल्यानें नेमकेपणा वाढत नाहीं.

तिसरें ऋण खऱ्या वाचनाचें, आणि याचा विचार सर्वांत कमी होतो. कारण न वाचतां नाकारणें हा अन्याय आहे हें सर्वांस दिसतें, परंतु न वाचतां स्वीकारणें हाही अन्यायच आहे हें दिसत नाहीं. 'ओपनएसएसएल' या प्रकल्पाचा कोड इंटरनेटवरील गुप्त व्यवहारांचें रक्षण करतो. २०११ सालच्या शेवटच्या दिवशीं जर्मनींतील एका संशोधक विद्यार्थ्यानें पाठविलेली सुधारणा त्यांत दाखल करण्यांत आली. आलेल्या आंकड्याची लांबी तपासून पाहण्याचें तींत राहून गेलें होतें. परीक्षकानें ती तपासली, पण ही उणीव त्याच्याही नजरेतून सुटली. २०१४ च्या एप्रिलांत ती उघडकीस आली तेव्हां 'हार्टब्लीड' या नांवानें तिचा जगभर बोभाटा झाला, कारण असंख्य यंत्रांच्या स्मृतींतील गुप्त मजकूर तिच्यामुळें चोरतां येण्यासारखा होता. त्या वेळीं ज्याचें नांव वर्तमानपत्रांत आलें तो पाठविणारा होता. त्याचा हेतु शुद्ध होता. चूक कोणाच्याही हातून होते, आणि ती होते म्हणूनच परीक्षक नेमलेला असतो. परीक्षकाच्या डोळ्यांवर विसंबून पाठविणारा आपली अब्रू त्याच्या स्वाधीन करतो. पाठ थोपटून वरवर पाहिलेलें काम पुढें ढकलणारा परीक्षक, वरवर पाहतां उदार, पण खरोखर त्या विश्वासाचा भंग करणारा असतो. लिनक्सच्या नियमांत परीक्षकानें 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून आपलें नांव घातलें कीं त्याचा अर्थ स्पष्ट करून ठेविला आहे: मीं तांत्रिक परीक्षा केली आहे, मला आलेल्या शंका पाठविणाऱ्यास कळविल्या आहेत, आणि त्याच्या उत्तरानें माझें समाधान झालें आहे. शंका पाठविणाऱ्यास कळविणें हा येथें सौजन्याचा अलंकार म्हणून आलेला नाहीं; परीक्षेच्या व्याख्येंतच तो आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

येथपर्यंत आमच्याशीं सहमत असलेला वाचकही आतां एक आक्षेप घेईल, आणि तो सर्वांत जड आहे. परीक्षकाच्या कर्तव्याची ही भाषाच शस्त्र म्हणून वापरली गेली तर काय? हें घडलेलें आहे. 'एक्सझेड' नांवाचें, माहितीचा आकार लहान करणारें एक साधन फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षें बिनमोबदला सांभाळीत होते. २०२२ सालीं त्यांस अनोळखी नांवांनीं पत्रें येऊं लागलीं: सुधारणा पडून आहेत, लोक खोळंबले आहेत, तुम्हांस झेपत नसेल तर दुसऱ्यास अधिकार द्या. आपली प्रकृति बरी नाहीं व हें काम आपण हौसेनें करतों, असें त्यांनीं नम्रपणें कळविलें. तरी टोचणी चालूच राहिली. अखेर जो मनुष्य दीर्घकाळ व्यवस्थित ठिगळें पाठवून विश्वासास पात्र ठरला होता, त्याच्या हातीं त्यांनीं अधिकार दिला. त्यानेंच २०२४ च्या आरंभीं त्या साधनांत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरास, दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना अर्ध्या सेकंदाचा जास्त वेळ कां लागतो, अशी शंका आली, आणि २०२४ च्या २९ मार्च रोजीं त्यांनीं ती चोरवाट जगापुढें मांडली. नाहीं तर असंख्य यंत्रें परक्याच्या ताब्यांत गेलीं असतीं.

या प्रकरणावरून 'परीक्षकास कर्तव्य सांगूंच नका' असा निष्कर्ष काढणारे आहेत. आम्हांस तो बरोबर वाटत नाहीं. त्या पत्रांनीं उत्तर मागितलें नव्हतें. उत्तर तर मिळालेलें होतें, आणि तें प्रामाणिक होतें. त्यांनीं मागितला होता स्वीकार, आणि पुढें किल्ली. हीं दोन्हीं परीक्षकाच्या ऋणांत कधींच नव्हतीं. ऋण कोणतें हें स्पष्ट असेल, तर जें ऋण नाहीं तें नाकारण्यास बळ येतें. 'माझ्याकडे वेळ नाहीं, ही सुधारणा मी आतां पाहूं शकत नाहीं' एवढें सांगणाऱ्यानें आपलें पहिलें देणें चुकविलें आहे, आणि त्यापुढें त्यास कोणी अपराधी ठरवूं नये. थकलेल्या मनुष्यास नाहीं म्हणण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क त्यास देणें हें आपणां सर्वांचें देणें आहे.

पाठविणाऱ्याच्या बाजूचेंही देणें आहेच, तें थोडक्यांत सांगतों. जें आपण स्वतः वाचलें नाहीं, तें दुसऱ्यास वाचावयास पाठवूं नये. २०२१ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं लिनक्सची परीक्षा कशी होते हें पाहण्यासाठीं मुद्दाम सदोष ठिगळें पाठविल्याचें उघड झालें, तेव्हां परीक्षकांचा संताप झाला तो योग्यच होता. कारण त्यांच्या वेळास व विश्वासास प्रयोगाचें साधन करण्यांत आलें होतें. आतां तर यंत्राकडून घटकेंत लिहवून घेतलेले अहवाल कोणीही ढिगानें पाठवूं शकतो. 'कर्ल' या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनीं २०२४ च्या जानेवारींत अशा खोट्या अहवालांविषयीं जाहीर तक्रार केली. लिहिणाऱ्यास एक क्षण आणि वाचणाऱ्यास एक दिवस, अशी स्थिति आली म्हणजे परीक्षकानें प्रत्येकास सविस्तर कारण द्यावें असें म्हणणें निर्दयपणाचें होईल. कारणाचें ऋण श्रमाच्या प्रमाणांत असतें. ज्यानें आपला श्रम आणला, त्यास श्रमानें उत्तर मिळावें. ज्यानें केवळ ढीग आणून ओतला, त्यास एका ओळीचा नकार पुरे.

तेव्हां या विचाराअंतीं आम्हांस असें वाटतें कीं परीक्षकाचें देणें पाठविणारे समजतात तितकें मोठें नाहीं, आणि परीक्षक समजतात तितकें लहानही नाहीं. ठिगळ लावावयाचें कीं नाहीं हें ठरवितांना त्यानें वस्त्र पांघरणाऱ्यांचाच विचार करावा. तेथें पाठविणाऱ्याच्या हौसेस किंवा निराशेस जागा नाहीं. परंतु निर्णय कळवितांना पाठविणाऱ्याचा विचार करावा: त्यास उत्तर द्यावें, दोषावर बोट ठेवावें, आणि जें वाचलें नाहीं त्याखालीं आपलें नांव घालूं नये. एवढें मिळालें तर नकार घेऊन गेलेला मुलगाही कांहीं शिकून जातो. आज ज्या परीक्षकांच्या हातीं किल्ल्या आहेत, ते कोणे एके काळीं पहिलें ठिगळ पाठवून उत्तराची वाट पाहत बसलेलेच होते, आणि त्यांच्यानंतर या किल्ल्या ज्यांच्या हातीं जावयाच्या, ते आज त्यांच्या उत्तराची वाट पाहत असतील.